कमालचा कान

"गप रावा रं सगळी," सोमा ओरडला, आणि बांधावरची माणसं जिथल्या तिथं थांबली. जनाच्या डोक्यावर मुरमाची पाटी होती. तिनं ती उतरवली नाही, फक्त पाऊल आवरलं.

कमाल नजे ह्या ऑपरेटरनं केबिनचं दार सताड उघडं टाकलं, रिकामी बकेट थोडी वर उचलली आणि डोळे मिटून लिव्हर हलकेच ढकलला. पोकलेनचं वरचं धड फिरायला लागलं. केबिन, इंजिन, पुढचा लांबलचक हात आणि मागचं अवजड शेपूट, असं सगळं बिऱ्हाड चेनच्या बैठकीवर एकदा उजवीकडून फिरलं, एकदा डावीकडून. कामाला हात घालण्याआधी यंत्राचा आवाज ऐकायचा, ही कमालची रोजची रीत होती. तेवढा वेळ साइटवर कुणी खोकलेलंही त्याला चालत नसे. बाया ह्या प्रकाराला 'सलामी' म्हणत.

फेरे संपले. कमालनं डोळे उघडले तेव्हा पोटभर जेवून उठलेल्या माणसासारखा त्याचा चेहरा तृप्त दिसत होता.

"लोणी," तो म्हणाला. "निस्तं लोणी. नवीन व्हतं तवापण असं फिरत नव्हतं. तेल कोणी बदललं?"

"तुमीच," सोमा म्हणाला.

"मग? मशीन म्हातारं व्हतंय का तरणं, ते तेल घालणाऱ्याच्या हातात असतंय."

जनानं सोमाकडे पाहिलं, त्यानं नजर चुकवली, आणि माणसं पुन्हा कामाला लागली.

चौऱ्याऐंशी सालचा उन्हाळा होता. कशेळ्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, एका पाझर तलावाच्या बांधाचं काम चाललं होतं. कमाल ठेकेदाराचा ऑपरेटर आणि सोमा सोनावळे त्याचा हेल्पर. हेल्पर म्हणायचा एवढंच. ग्रीस भरणं, तेल बघणं ही कामं सोमाची होतीच, पण त्याचं खरं काम उभं राहण्याचं. ऑपरेटरला पुढचं दिसतं, मागचं दिसत नाही. आणि बकेट पुढून जेवढी जाते तेवढंच शेपूट मागून येतं. त्या शेपटाच्या टप्प्यात कुणी सापडला तर त्याचं काही उरत नाही. म्हणून सोमा एका बाजूला, कमालला आरशात दिसेल असा उभा राही. हात वर केला की फिरव, मूठ आवळली की थांब. कितीतरी वर्षं दोघांचं असं चाललं होतं, आणि एवढ्या वर्षांत शेपटानं कुणाला साधं खरचटलं नव्हतं.

कमालचा कान मात्र कर्जतपासून खोपोलीपर्यंत प्रसिद्ध होता. कुणाचं मशीन अडलं की त्याला बोलावणं यायचं. तो जायचा, विडी पेटवायचा, इंजिन चालू करायला लावायचा आणि विडी अर्धी व्हायच्या आत सांगायचा, पंपात हवा शिरलीय, नाहीतर अमुक झडपेत कचरा अडकलाय. उघडून बघितलं की तेच निघे. लोकांना नवल वाटे, कमालला वाटत नसे. विनय नावाचा गुण त्याला कुणी शिकवलाच नव्हता, आणि त्यावाचून त्याचं काही अडलंही नव्हतं.

शिकवण्याची हौस मात्र दांडगी. एवढं मोठं धूड जागच्या जागी फिरतं कसं, असं जनानं एकदा सहज विचारलं, तर त्यानं तिला बाकीच्या बायांसकट यंत्रापाशी नेऊन उभं केलं.

"इंजिन काय फिरवत नाय," तो म्हणाला. "इंजिन निस्तं पंप चालवतंय. पंप तेल ढकलतंय. ते तेल जोरानं ह्या मोटरीत शिरतंय न् मोटर फिरती. ही स्विंगची, म्हंजी फिरवायची मोटर. तिच्याखाली गिअर, गिअरच्या खाली दातांचं एवढंसं चाक. आता तिकडं वाकून बघ. खालच्या बैठकीवर मोठं कडं हाय, त्याला आतल्या अंगानं दात हायत. कडं बोल्टांनी जखडलंय, ते हलायचं नाय. मग चाकानं करावं काय?"

"काय करावं?"

"सोता चालावं. कड्याच्या आतून दाताला दात लावत चालत जातंय, न् जाताना मोटर, केबिन, मी, सगळ्यांना संगती घेऊन जातंय."

जनानं थोडा विचार केला. "म्हंजी जातं जाग्यावर ठेवायचं न् खुटा धरून बाईनंच भवती फिरायचं."

"बराबर. तुला ऑपरेटर करतो."

"आन् थांबवता कसं?"

"तेल कोंडून. दोनी अंगानं वाट बंद केली की मोटरीला हलता येत नाय. पण एकदम कोंडलं तर एवढं वजन उसळी मारतंय, दात मोडतात. हळू कोंडायला लागतं. ते हातात असावं लागतं न् कानात. बिघडायच्या आधी मशीन बोलतंय, जने. ऐकणारा पायजे."

बाया हसत हसत पांगल्या, पण जनानं ते नीट ऐकून ठेवलं होतं.

अलीकडे मात्र सगळं जगच जरा सभ्य झालंय असं कमालला वाटू लागलं होतं. पांडू मुकादमाची शिट्टी पूर्वी मेंदूत घुसायची. आता ती ऐकूच येत नसे, तेव्हा पांडू सुधारला असं त्यानं धरलं. एसटी स्टँडच्या पत्र्यातल्या चिमण्या कुठेतरी निघून गेल्या होत्या. बायकामाणसं हळू बोलायला लागली होती. आणि यंत्राचं तर विचारूच नका. स्विंगमधून पूर्वी बारीक कुरकुर यायची, ती गेल्या पावसाळ्यापासून बंदच झाली होती. कमालनं त्याचं सगळं श्रेय आपल्या तेलाला देऊन टाकलं. कानाची शंका त्याला शिवली नाही, कारण इंजिनाची घरघर त्याला ऐकू येत होती, सोमाचा घोगरा आवाज ऐकू येत होता. बहिऱ्याला काहीच ऐकू येत नाही, असं तो समजत होता, आणि त्याला तर निम्मं जग चांगलं ऐकू येत होतं.

कर्जतच्या मोहल्ल्यातल्या घरी खतीजाचं म्हणणं वेगळं होतं.

"तीनदा हाक मारली तुमाला," ती जेवण वाढता वाढता म्हणाली.

"अशी पुटपुटशील तर कसं कळंल?"

"पुटपुटते? शेजारची शकिला येऊन विचारून गेली, काय झालं म्हून. डागदराकडं चला एकदा."

"खालापूरला जाऊन येतो, मग तू म्हणशील तिकडं जाऊ."

खालापूर हा त्या उन्हाळ्यात कमालचा जप झाला होता. बांध संपत आला होता आणि पोकलेन पुढे खालापूरला, रस्ता रुंद करायच्या कामावर जाणार होतं. ते काम नेमकं त्याच्या गावाच्या वेशीवरून जात होतं. त्या गावात त्याच्या बापानं बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन दारोदार फिरून घर चालवलं होतं, आणि थोरल्या भावानं, झाकीरनं, तीच पेटी पुढे चालवली. कमाल यंत्राच्या नादानं घर सोडून निघाला तेव्हा झाकीर चार माणसांत हसून म्हणाला होता, की ह्याला सायकल आवरत नाही आणि हा यंत्रावर बसणार. भाऊ वाईट नव्हता, पण ते हसणं कमालच्या मनात रुतून बसलं होतं. आता झाकीरच्या डोळ्यांदेखत तो ते धूड एका बोटावर फिरवणार होता. पांडू मुकादमानं सांगून ठेवलं होतं, खालापूरला तूच.

एकच गोष्ट आड येऊ शकत होती. शिट्टी ऐकू न येणाऱ्याला ठेकेदार सीटवर ठेवत नसे. दुसऱ्या साइटवरच्या एका ऑपरेटरला ह्याच कारणावरून उतरवलं होतं, आणि ती बातमी ऐकून "बराबर केलं, माणसं मारील तो" असं सगळ्यांत आधी म्हणाला तो कमालच.

सोमाला हे ठाऊक होतं. तरी एका दुपारी भाकरी सोडता सोडता त्यानं विषय काढला.

"कमालभाई, सीटी येतीय."

"कोणाची?"

"स्विंगची. गिअरमधून. बेअरिंग जात असंल."

कमाल आधी हसला. मग सोमा हसत नाही हे बघून त्याचा घास थांबला. "सकाळी सलामी झाली. तू व्हतास ना?"

"व्हतो."

"मग कुठं व्हती सीटी?"

"तवाच व्हती."

"ग्रीसचा डबा कसा धरायचा ते माझ्यापाशी शिकलास," कमाल म्हणाला, "न् आता माझ्या कानाला शिकवतोस व्हय रं?"

दुसऱ्या दिवशी सोमानं पुन्हा सांगून पाहिलं, तेव्हा कमालनं त्याच्याशी बोलणंच टाकलं. हात वर, मूठ, हात वर, एवढ्यावर काम चालत राहिलं. ह्या धंद्यात दोन माणसं महिना महिना अबोला धरू शकतात, ही एक सोयच म्हणायची.

त्याच आठवड्यात सोमानं बायांची वाट बदलली. पाट्या घेऊन त्या यंत्राच्या डाव्या अंगानं सरळ बांधावर चढत. सोमानं तिथं दगड मांडले, चुना ओढला आणि त्यांना खालून, ओढ्याच्या कडेनं वळसा घालायला लावला. जना कुरकुरली. कमालला तर ते अजिबात पटलं नाही, आणि त्यासाठी त्यानं अबोलाही मोडला.

"बायांना उन्हात उगाच फिरवतोस कशापायी?"

"उतार हाय," सोमा म्हणाला.

"काल नव्हता उतार?"

सोमा दगड मांडत राहिला. म्हातारपणी माणूस घाबरट होतो, असं मनाशी म्हणत कमाल केबिनमध्ये चढला. सोमा त्याच्यापेक्षा चांगला सात-आठ वर्षांनी लहान होता.

मग तो दिवस आला. सकाळपासून काळ्या दगडाचं काम होतं. एक भलामोठा धोंडा बकेटमध्ये घेऊन कमालनं स्विंग टाकला, आणि अर्ध्या फेऱ्यात त्याच्या बुडाखालची सीट थरथरली. दगड बकेटमध्ये सरकला असावा, असं आधी त्याला वाटलं. पण थरथर पुढून आली नव्हती, खालून आली होती. त्यानं लिव्हर अलगद मध्ये आणला, धड थांबू दिलं, धोंडा जपून जमिनीवर ठेवला आणि इंजिन हळू केलं.

"सोमा, वर ये. बस सीटवर. बकेट रिकामी हाय, सावकाश फिरव."

तो स्वतः धडावरूनच मागे गेला, यंत्राच्या हाताच्या बुंध्यामागचं पत्र्याचं झाकण काढलं. स्विंगची मोटर तिथं उभी होती, बेताच्या घागरीएवढी. कमालनं एक लोखंडी सळी घेतली, तिचं एक टोक मोटरीखालच्या गिअरच्या पेटीवर टेकवलं, दुसरं कानाच्या भोकाशी धरलं. जुन्या मेस्त्रींची ही युक्ती. बाहेर जे ऐकू येत नाही ते सळीतून येतं.

धड फिरायला लागलं. कमालला इंजिनाची घरघर ऐकू आली, आणि बाकी काही नाही. बेअरिंग ठीक, पेटी ठीक. त्यानं हसून मान वर केली. सोमाला आता चार शब्द सुनवायचे होते.

तेवढ्यात त्याची नजर खाली गेली. ओढ्याच्या कडेला बाया पाट्या टाकून उभ्या होत्या. जनानं दोन्ही हातांनी कान गच्च दाबून धरले होते. तिच्या शेजारी चंद्रभागा पदर कानात कोंबत होती. दोघींचे चेहरे आवळले होते. त्या एवढ्या लांब, आणि तो पेटीवर ओणवा, सळी कानात घालून.

कमाल बराच वेळ त्या दोघींकडे पाहत राहिला. मग त्यानं सळीचं टोक कानापासून काढलं आणि दातांत धरलं.

कचकच थेट जबड्यात शिरली. पिठात वाळू गेलेली भाकरी चावावी तशी ती दातांतून गालफडात, तिथून डोळ्यांमागे चढली. बेअरिंग फुटलेलं होतं. त्याच्या गोळ्या आत दळल्या जात होत्या. आणखी थोडे दिवस, आणि भरल्या बकेटीखाली पेटी अडकली असती, दात मोडले असते, आणि तेल कोंडून थांबायला खाली काही उरलं नसतं. उतारावर ते धड धोंड्यासकट गरगरत कुठं गेलं असतं हे त्याला सांगायला कुणाची गरज नव्हती. त्यानं ती सळी गरजेपेक्षा जास्त वेळ दातांत धरून ठेवली. मग आरशाकडे बघत मूठ आवळली.

खाली उतरून तो आधी जनाकडे गेला.

"कवापासून येतोय आवाज?"

जना काहीतरी म्हणाली. तिचे ओठ हललेले त्याला दिसले.

"मोठ्यानं सांग. मला ऐकू येत नाय." आयुष्यात पहिल्यांदा त्यानं हे वाक्य म्हटलं, आणि ते फारसं अवघड गेलं नाही. अवघड पुढचं होतं.

"शिमग्यापासून, चाचा."

"सकाळी सलामीलापण?"

"रोज."

"न् तुमी सगळी गप उभी रायची."

"तुमी डोळं मिटून असायचे," जना म्हणाली. "तोंड असं खुशीत दिसायचं. कोन बोलनार?"

कमालला लाज वाटली. कान गेल्याची नव्हे, तो म्हातारपणी कुणाचाही जातो. मिटल्या डोळ्यांनी, तृप्त चेहऱ्यानं, त्या किंकाळीच्या मधोमध रोज सकाळी आपण बसत होतो आणि ही सगळी माणसं माया करून पायाखाली बघत उभी होती, ह्याची लाज. ती त्याला कानशिलांपर्यंत जाणवली.

सोमा यंत्राशेजारी उभा होता. कमाल त्याच्यासमोर येऊन थांबला.

"म्हणून वाट हलवलीस."

"व्हय."

"मला धरून हलवायचं व्हतं."

"दोनदा बोललो. तिसऱ्यांदा पांडूला सांगायला लागलं असतं. त्यानं तुमाला उतरवलं असतं."

"माझी सीट राहावी म्हणून बाया उन्हात फिरवल्यास. वाटेत एखादी चुकून आत आली असती तर?"

सोमानं चुन्याच्या रेघेकडे पाहिलं.

"चुकलास तू," कमाल म्हणाला.

"चुकलो."

"मी जास्त चुकलो. पण तुझं पण लक्षात ठेव. मागं उभा राहणाऱ्यानं भीड धरायची नसती."

त्या दिवशी दुपारी दोघांनी मिळून पेटी उघडली. खालच्या बुचातून तेल काढलं तर उन्हात ते चंदेरी चमकलं, लोखंडाचा चुरा त्यात तरंगत होता. बेअरिंग मुंबईहून यायला दोन दिवस लागले. बसवताना मात्र कमाल पुन्हा पहिला कमाल झाला. बोटांच्या पेरांनी त्यानं एक एक दात चाचपला, पॅकिंग स्वतः कापलं, बोल्ट आवळताना सोमाला शिव्या दिल्या, आणि सोमानं त्या आनंदानं खाल्ल्या. डोळे आणि हात जागच्या जागी होते, आणि त्याचा त्याला पूर्ण भरवसा होता.

"पांडूला कोणी काय सांगणार नाय," शेवटचा बोल्ट बसल्यावर सोमा म्हणाला. "बायांशी बोललोय मी. खालापूरला तुमीच बसा. शिट्टी वाजली की मी हात करीन. आवाज मी ऐकीन."

कमाल पाना पुसत बसला. सोमा म्हणत होता ते जमण्यासारखं होतं. खालापूरचे दोन-तीन महिने, झाकीरनं एकदा डोळे भरून बघेपर्यंत, कुणाला काही कळलं नसतं. त्यानं ते सगळं मनात नीट मांडून बघितलं. वेस, रस्ता, झाकीर, केबिनमध्ये आपण. मग त्या चित्रात त्यानं बाया घातल्या, कारण बाया तिथंही असणारच होत्या. त्या बायांपैकी एकीनं कान दाबून धरले आणि त्याला पुढचं चित्र काही नीट जुळवता येईना.

संध्याकाळी पांडू मुकादम मोटरसायकलवरून आला तेव्हा कमालच पुढे झाला.

"पांडू, कान गेला माझा. जाड आवाज येतो, बारीक येत नाय. तुझी शिट्टी वरीस झालं ऐकली नाय. खालापूरला सोमा बसंल."

पांडूनं मोटरसायकल स्टँडला लावली. "आन् तू?"

"मी मागं. शेपटापाशी."

"मागं उभं राहायला कोणीपण चालंल की. तुझ्यासारख्याला हेल्परात कसा घालू?"

"कोणीपण चालत नाय," कमाल म्हणाला. "हे मशीन किती फिरलं की शेपूट कुठवर येतंय, हे माझ्याएवढं कोणाला ठाऊक हाय, नाव सांग. माझं डोळं घारीचं हायत."

पांडूनं मान डोलावली. सोमा मात्र अडून बसला.

"तुमच्या जाग्यावर मी नाय बसणार."

"ती जागा तुझ्या बापाची नाय न् माझ्या बापाची नाय," कमाल म्हणाला. "जो ऐकंल त्याची. आन् तुला येतंय. नसतं येत तर मी मेलो तरी सांगितलं नसतं."

मग शिकवणी सुरू झाली. सोमाला सगळं यायचं, पण थांबणं यायचं नाही. कमालनं बकेट पाण्यानं काठोकाठ भरायला लावली आणि अर्धा फेरा घेऊन थांबायला सांगितलं. सोमानं थांबवलं, आणि निम्मं पाणी पुढे उसळून जनाच्या अंगावर पडलं. सगळी साइट हसली. जना पदर पिळत म्हणाली, ह्या उन्हात रोज शिकवा.

"तेल एकदम कोंडलंस," कमाल केबिनच्या पायरीवर चढून सांगत होता. "थांबायचं तिथं पोचून थांबू नको. आधीच सोडत ये. वजन आपल्या जोरानं जातंय, त्याला जाऊ दे, न् तेलाला हळूहळू अडव. त्याला कळू नये आपल्याला कोणी थांबवलं म्हणून."

दुसऱ्या दिवशी थोडं कमी सांडलं. आठवड्याच्या अखेरीला एक धार तेवढी काठावरून ओघळली, आणि कमालनं ती पाहिली नाही असं दाखवलं.

घरी खतीजाला त्यानं जेवताना सांगून टाकलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही, की बोलली आणि त्याला कळलं नाही, कोण जाणे. मग तिनं त्याच्या खांद्याला हात लावून, तो आपल्याकडे बघतोय ह्याची खात्री करून विचारलं, "आता तरी येताय ना डागदराकडं?"

"येतो. पण तो काय सांगतो ते तूच ऐक," कमाल म्हणाला, "न् मला समोर बसून सांग."

मे महिन्याच्या शेवटी पोकलेन ट्रेलरवरून खालापूरला आलं. गावाच्या वेशीवर ते उतरवायला सकाळ गेली. बघायला माणसं जमलीच. त्यांत छत्री उघडून झाकीर उभा होता. दाढी पांढरीफेक झाली होती, पाठीत वाकला होता, पण यंत्राकडे बघण्याची ती बारीक नजर तीच होती. त्यानं केबिनमध्ये पाहिलं, तिथं सोमा. मग त्यानं भावाला शोधलं. कमाल खाली, यंत्राच्या मागच्या बाजूला, पायांत अंतर ठेवून उभा होता.

झाकीर छत्री सांभाळत त्याच्यापाशी आला. त्याचं तोंड दिसेल असा कमाल वळला.

"तू चालवतोस म्हणत व्हतास."

"चालवत व्हतो."

"मग खाली कसा?"

आजूबाजूला सगळं गाव होतं. त्यांत बालपणी बरोबर खेळलेले होते, बापाकडून बांगड्या भरलेल्या म्हाताऱ्या होत्या. कमाल नेहमीसारखा मोठ्यानंच बोलला.

"कान गेला, भाई. कान गेलेल्यानं त्या सीटवर बसायचं नसतं. तो माझा माणूस हाय, मी शिकवलाय. जरा मागं सरा."

झाकीर हसेल असं त्याला वाटलं होतं. झाकीर हसला नाही. त्यानं छत्री मिटली आणि सांगितलं तसा दोन पावलं मागे सरकला. माणसंही सरकली.

कमालनं सगळीकडे एकदा नजर फिरवली, वाट मोकळी आहे हे पाहिलं आणि हात वर केला. आरशात सोमाचे डोळे हलले. बकेट दरडीत शिरली, भरून वर आली, आणि ते सबंध धड वळायला लागलं. शेपूट मागून आलं. कमालच्या छातीपासून हातभर अंतरावरून, त्यानं धरलं होतं नेमकं तिथूनच, ते सरकत गेलं. त्याच्या सदऱ्याला वारा लागला. झाकीर दचकला, कमाल जागचा हलला नाही.

शेपटावरची नजर न काढता तो भावाकडे थोडा कलला.

"भाई, आवाज कसा येतोय?"

झाकीरला आधी समजलं नाही. मग समजलं. त्यानं मान वाकडी केली, कानामागे तळहात धरला आणि श्वास रोखून ऐकत राहिला. कमालनं त्याच्याकडे क्षणभर वळून पाहिलं.

"काय येत नाय," झाकीर त्याच्या डोळ्यांत बघत, सावकाश म्हणाला. "निस्तं इंजिन."

"सीटी?"

"नाय."

"बारीकशीपण नाय?"

"नाय, कमाल. गप फिरतंय."

कमालनं मान हलवली आणि हात तसाच वर धरून तो पुढच्या फेऱ्याकडे पाहू लागला.